साहेबांची ओव्हर

वेसाव्याच्या मथुरेने बंदरावर उभं राहून नवऱ्याला हाक मारली की खाडीपलीकडे मढला झोपलेली कुत्री उठून बसत. पटत नसेल तर मढच्या कुत्र्यांना विचारा. असा गळा मासळीबाजारात सोन्याच्या भावाने खपला असता. पण नवरा एका वादळात होडीसकट गेला आणि मथुरेने समुद्राशी बोलणं टाकलं. टोपली सासूच्या हवाली केली, पदर खोचला आणि अंधेरीला पालिकेच्या एका इस्पितळात आयाबाई म्हणून लागली. इस्पितळाचं नाव सांगत नाही. त्यातली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांची मुलं वकील झाली आहेत. काळ तेवढा सांगतो. शेजारच्या घरी रंगीत टीव्ही आला म्हणजे आख्खी चाळ चपला काढून त्यांच्या दारात बसायची, तेव्हाची ही गोष्ट.

इस्पितळाचा बाळंतिणींचा वॉर्ड तळमजल्यावर होता, आणि तो मथुराबाईंचा होता. कागदावर तो इन्चार्ज उत्तरा सिस्टरांचा. पण उत्तरा सिस्टरसुद्धा आत येताना नकळत मथुराबाईंच्या तोंडाकडे बघूनच पाऊल टाकत.

नर्सेसमध्ये पाळी बदलताना 'ओव्हर' द्यायची पद्धत असते. जाणारीने येणारीला खाटेगणिक सांगायचं, हिचं काय झालं, तिचं काय व्हायचंय, कुठली रात्रभर रडली आणि कशासाठी. मथुराबाईंनी ती पद्धत आयाबायांनाही लावली होती, आणि नर्सेसपेक्षा कडक. ओव्हर दिल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मग घरी भात करपू दे नाहीतर जावई येऊन बसू दे. एकदा सरूबाई नावाची आया उंबरा ओलांडून थेट बसस्टॉपवर पोचली, आणि इकडे मथुराबाईंच्या लक्षात आलं की कोपऱ्यातल्या बाळंतिणीचं हिने काही सांगितलंच नाही. त्यांनी वॉर्डाच्या दारातूनच हाक मारली. सरूबाई परत आलीच, पण बसस्टॉपवरचे चारदोन परके लोकही निमूटपणे मागोमाग आले. आपल्याकडूनच काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटलं म्हणे.

त्या साली मथुराबाईंची सून सुगंधा पहिलटकरीण होती. पोरगी गुणाची, पण भित्री. तिची आई तिच्याच वेळी बाळंतपणात गेली होती, त्यामुळे दिवस भरत आले तशी ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मथुराबाईंचा मुलगा चंदू होडीवरचा गडी, वाऱ्याला भीत नसे, पण बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याची पाचावर धारण बसायची. शेवटी मथुराबाईंनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला आणि शब्द दिला. माझ्याच वॉर्डात होशील. बाकी कोण असो नसो, हात धरायला मी असेन. कोळीवाड्यात मथुरेचा शब्द म्हणजे पक्का नांगर. सुगंधा त्या दिवसापासून भिंतीकडे पाठ करून बसायला लागली.

आणि मग शिमग्याच्या थोडं आधी, एका सकाळी, दशरथ सुतार बाळंतिणींच्या वॉर्डात शिरला.

पडद्याआड एक बाई कळा देत होती. उत्तरा सिस्टर तिच्याजवळ होत्या. मथुराबाई गरम पाण्याचं भांडं घेऊन वळल्या तर हा गडी बाळंतखोलीच्या दारात उकिडवा बसलेला, कानावर पेन्सिल आणि हातात मोजपट्टी. पट्टीचं एक टोक त्याने भिंतीला लावलं होतं आणि दुसरं टोक नेमकं पडद्याखालून आत सारत होता.

"काय रे मेल्या," मथुराबाईंनी विचारलं, "बाळाची लांबी मोजायला आलास?"

दशरथ मालवणकडचा. माणूस सरळ, पण इस्पितळात काम करायला आलेल्या कुठल्याही सुताराला कोणी नुसतं बघितलं तरी आपण गुन्हा केला असं वाटतं. तो चाचरत म्हणाला की इथे एक्स-रेचं यंत्र बसायचं आहे, भिंतीला लाकडाची चौकट घालायची आहे, आतल्या खाटा निघणार. सोमवारपासून इथे बाळंतपणं बंद.

 मथुराबाईंनी भांडं खाली ठेवलं. दशरथने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

"म्हंजे तुमका कोणी सांगूक नाय?" तो म्हणाला.

नव्हतं सांगितलं. आणि मग दिवसभरात जे कळत गेलं त्याने मथुराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. फाटकापुढच्या शहाळेवाल्याला ठाऊक होतं. त्याने तर गाडी एक्स-रेच्या नव्या दारासमोर लावायची जागाही धरून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ठाऊक होतं. कँटीनमध्ये बटाटे सोलणाऱ्याला ठाऊक होतं, कारण उद्घाटनाला वडे किती लागतील हे त्याला विचारून झालं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त वॉर्डातल्या माणसांना. ज्या खोलीत त्यांनी निम्म्या अंधेरीला जगात आणलं, ती खोली त्यांच्या हातातून जाणार हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. मथुराबाई म्हणाल्या, गल्लीतली शेरडं विकतात तेव्हासुद्धा मालक आधी शेरडाच्या पाठीवर हात ठेवतो.

उत्तरा सिस्टर रागावल्या की आवाज चढवत नसत. टॉवेलांच्या घड्या घालायला घेत. त्या दिवशी त्यांनी कपाटातले सगळे टॉवेल उलगडले आणि पुन्हा घड्या घातल्या. मग म्हणाल्या, चला मथुराबाई.

इस्पितळाचे अधीक्षक डॉक्टर श्यामकांत टिपणीस हे मूळचे डोळ्यांचे डॉक्टर, पण माणसाच्या डोळ्याला डोळा देण्याची त्यांना सवय नव्हती. वाईट होते असं नाही. भांडण नको, गडबड नको, कोणी रडायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असे, आणि त्यासाठी ते कोणाला काहीही न सांगण्याचा सोपा मार्ग धरत. दोघी समोर उभ्या राहिल्या तेव्हा ते टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या बालाजीच्या फोटोकडे बघून बोलले.

उत्तरा सिस्टरांनी विचारलं, वॉर्ड बंद होणार हे खरं का.

"कोण म्हणालं?"

"सुतार."

"सुताराला काय कळतं?"

"आमच्यापेक्षा जास्त," मथुराबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मथुराबाईंनी मग एकामागून एक विचारलं. ज्यांची नावं इथे नोंदली आहेत त्या बायकांनी कुठे जायचं? आम्हाला कुठे टाकणार, सगळ्यांना एकत्र की विखरून? वेसाव्याच्या, जुहूच्या, मोऱ्यापाड्याच्या बायका रात्रीबेरात्री इथल्या दाराशी येतात, त्यांना कोण सांगणार? साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा परत चढवला आणि म्हणाले,

"योग्य वेळी कळवण्यात येईल."

मथुराबाई बाहेर आल्या त्या नुसत्या धुमसत. साहेबांनी शिवी दिली असती तर तीन पिढ्या मागे जाऊन परत दिली असती. नाही म्हणाला असता तर का म्हणून भांडल्या असत्या. पण या वाक्याला धरायला शेपूटही नव्हतं आणि शिंगही. खाऱ्या पाण्यातल्या जेलीफिशसारखं, हात लावावा तर हाताला काही लागत नाही, आणि मग रात्रभर आग होते.

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना, धुण्याच्या खोलीत चादरींच्या ढिगावर बसून, मथुराबाईंनी सगळ्यांना सांगितलं. संप करायचा नाही. संप केला तर मरतात पेशंट, आणि साहेब घरी बसून चहा पितो. काम चोख करायचं. पेशंटच्या बाबतीत एक अक्षर लपवायचं नाही. फक्त साहेबांनी काहीही विचारलं, की त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यायचं. त्यांच्या घरचा आहेर आहे, आपण कशाला ठेवून घ्यायचा?

सरूबाई म्हणाली, नोकरी जाईल. मथुराबाई म्हणाल्या की असं वाक्य बोलून नोकरी जाते तर साहेब अजून खुर्चीवर कसा? 

मग जे सुरू झालं त्याची आठवण काढून जुने लोक अजून हसतात, आणि हसता हसता दात खातात. सकाळी साहेबांनी शिपायाला विचारलं, चहा कुठाय. शिपाई अदबीने वाकला आणि म्हणाला, योग्य वेळी कळवण्यात येईल. साहेब लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट बिघडली आहे हे लिफ्टवाल्याला ठाऊक होतं, आया, सिस्टर, सगळ्यांना ठाऊक होतं. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. साहेबांनी आतून विचारलं, कधी चालू होणार? लिफ्टवाला स्टुलावर बसून शेंगा खात होता. त्याने टरफल फुंकलं आणि तेच उत्तर दिलं. दुपारी साहेब बागेतल्या बाकावर बसले. बाकाला सकाळीच हिरवा तैलरंग दिला होता. माळी झाडांना पाणी घालत बघत होता, आणि माळ्याला तर कोणी काही विचारलंच नव्हतं. साहेब त्याच पांढऱ्या पँटवर मुख्य कचेरीच्या बैठकीला गेले, मागे हिरवे पट्टे घेऊन, नारळी पौर्णिमेच्या होडीसारखे नटून.

वाक्य इस्पितळाच्या भिंतींत मावेना. शहाळेवाला गिऱ्हाइकांना म्हणायला लागला. वेसाव्याच्या बाजारात सरंग्याचा भाव विचारला की कोळणी कमरेवर हात ठेवून सांगत, योग्य वेळी कळवण्यात येईल, आणि गिऱ्हाईक घाबरून सांगेल त्या भावाला घेऊन जाई. कुर्ल्याच्या एका नवरदेवाकडच्यांनी पसंती कळवताना हेच शब्द वापरले आणि मुलीच्या बापाने लग्न मोडलं, असंही ऐकिवात आहे.

हसण्याखाली राग मात्र जळतच होता, कारण उत्तर आलं नव्हतं. सोमवार आला तरी आलं नाही. खाटा हलवण्याचा हुकूम नाही, माणसांच्या बदल्यांचा हुकूम नाही. फक्त एक भलंमोठं लाकडी खोकं ट्रकमधून उतरलं आणि बाळंतखोलीच्या मधोमध जाऊन बसलं. दारावर झेंडूचं तोरण लागलं. मोठ्या कचेरीतले कोणी पाहुणे नारळ फोडायला यायचे होते. वॉर्डातल्या बाळंतिणी, चार दिवसांची पोरं उराशी धरून, ते खोकं बघत बसल्या होत्या. मथुराबाईंना त्यांनी विचारलं, आम्हाला काढणार का? मथुराबाई म्हणाल्या, मला माहीत नाय गं बाय. मला माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं.

त्याच सकाळी सुगंधेला कळा सुरू झाल्या.

चंदू होडीवर गेला नव्हता. त्याने रिक्षा आणली, बायकोला बसवलं, शेजारच्या म्हातारीला सोबत घेतलं आणि थेट इस्पितळाच्या फाटकाशी आणली. फाटकावर नवा वॉचमन होता, चंद्रप्रकाश नावाचा. उद्घाटनाच्या गर्दीसाठी कंत्राटदाराने दोन दिवसांपूर्वीच ठेवलेला. त्याला बजावून सांगितलं होतं की पाहुण्यांच्या गाडीशिवाय एक चाक आत सोडायचं नाही, आणि तो बाळंतिणींचा वॉर्ड आता बंद. चंदू म्हणाला, बंद? मग हिला नेऊ कुठं? चंद्रप्रकाशने छाती काढली आणि गेले दोन दिवस इथल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलेलं, पाठ केलेलं उत्तर दिलं.

"योग्य वेळी कळवण्यात येईल."

मथुराबाईंना हे कळलं ते दशरथ सुतारामुळे. तो तोरणाचा खिळा ठोकून खाली उतरत होता, त्याने शिडीवरून सगळं बघितलं होतं. धावत आत आला.

"मथुराबाय, तुमचो चंदू गेटार इलो होतो. रिक्षेत सून होती. वॉचमनान परत धाडल्यान."

"कुठं?"

"माका ठावक नाय. दुसरा इस्पितळ बघूक जोगेश्वरीच्या बाजूक गेले."

मथुराबाई फाटकापर्यंत कशा पोचल्या हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. त्यांनी चंद्रप्रकाशची कॉलर धरली. तो बिचारा त्यांच्या खांद्याला लागत होता.

"तुला कोणी शिकवलं हे बोलायला?"

"मावशी, इकडे सगळे तेच बोलतात ना," तो म्हणाला. "मला वाटलं हा हॉस्पिटलचा नियम आहे."

मथुराबाईंचा हात सुटला. पेशंटच्या बाबतीत एक अक्षर लपवायचं नाही, हे त्यांनी धुण्याच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं होतं. फाटकावरच्या नव्या माणसाला सांगायला कोणी गेलं नव्हतं. त्याला कोणीच ओव्हर दिली नव्हती. सरूबाईने नाही, सिस्टरांनी नाही, आणि जिने ओव्हरवाचून कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही त्या मथुरेनेही नाही. आपणच टाकलेलं जाळं आपल्याच सुनेच्या पायात गेलं होतं.

पण स्वतःवरचा राग माणसाला फार वेळ हातात धरवत नाही, चटका बसतो. मथुराबाई वळल्या. बाळंतखोलीच्या दारात पाहुणे आले होते, साहेब त्यांच्या बाजूला नारळाचं ताट घेऊन उभे होते, फोटोवाला सगळ्यांना जवळ सरकवत होता. मथुराबाई फोटोच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझी सून कळा देतेय. तिला कुठे नेऊ?"

साहेबांनी आधी पाहुण्यांकडे बघितलं, मग ताटाकडे. "मथुराबाई, आत्ता इथे हा विषय नको. तुम्हाला योग्य..."

"ते वाक्य बोलू नका," मथुराबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेवढं सोडून काहीही बोला. शिवी दिलीत तरी चालेल."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. उत्तरा सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या, हातात एकही टॉवेल नव्हता.

"वॉर्ड जोगेश्वरीला हलवायचा होता," साहेब म्हणाले. "नवी इमारत आहे."

"मग चंदू बरोबर गेला म्हणायचा."

"नाही." साहेब ताटातल्या नारळाशी बोलत होते. "तिथे पाणी आलेलं नाही अजून. कुलूप आहे."

"पाणी कधी येणार?"

"मला माहीत नाही."

"आणि हे तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

 साहेब म्हणाले, "गणपतीपासून."

बाळंतिणींतल्या कोणाचं तरी पोर रडायला लागलं. मथुराबाई साहेबांच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांना चष्म्यातून दुसरीकडे बघायला जागा उरली नाही.

"गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगा आला. एवढ्यात तुम्हाला आम्हाला सांगता आलं नाही?"

"काय सांगणार होतो मथुराबाई? मलाच माहीत नाही म्हणून?"

"हां. तेच सांगायचं होतं. मला माहीत नाही. एवढं तर माझं पोरगंसुद्धा बोलायला घाबरत नाही."

मग त्या वळल्या आणि पायऱ्या चढत सुटल्या, थेट गच्चीवर. आता पुढचं जे आहे ते दोन तऱ्हांनी सांगतात. खरं म्हणजे एकच तऱ्हा आहे, पण ज्यांना गोष्टी पचत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी ठेवली आहे.

मथुराबाईंनी गच्चीच्या कठड्याला धरलं, जोगेश्वरीकडे तोंड केलं आणि चंदूच्या नावाने हाक मारली. नवरा गेल्यापासून ती हाक त्यांनी पोटात दाबून ठेवली होती. आता सगळी एकदम आली, साहेबांच्या गणपतीपासूनच्या मौनाचंही व्याज घेऊन. खालच्या मजल्यावरची बाटल्यांची कपाटं किणकिणली. हायवेवर दोन बस थांबल्या. इस्पितळातला एक कारकून खोटं आजारपण काढून जोगेश्वरीच्या गुंफांपाशी मित्रांसोबत पत्ते खेळत बसला होता, तो पत्ते टाकून ड्युटीवर हजर झाला. आणि त्याच गुंफांच्या वळणावर रिक्षेत बसलेल्या चंदूने रिक्षावाल्याचा खांदा धरला आणि म्हणाला, फिरव, आये बोलवतंय.

ज्यांना हे पटत नाही ते म्हणतात की रिक्षा फार लांब गेलीच नव्हती. सुगंधेने दोन्ही हातांनी रिक्षेचा दांडा धरला होता आणि सांगितलं होतं, आये तिथं हाय, मी दुसरीकडं नाय जाणार, रस्त्यात झालं तरी चालंल. भित्री म्हणत होते ना तिला सगळे.

कसंही असो, रिक्षा परत आली. चंद्रप्रकाशने फाटक असं उघडलं की एक बिजागरी निखळली. रिक्षा पाहुण्यांच्या गाडीला घासून आत आली. दशरथने आणि दोन हमालांनी यंत्राचं खोकं खांदा लावून एका बाजूला सारलं, आणि त्या खोक्याचाच आडोसा करून, तोरण तसंच डोक्यावर लटकत असताना, उत्तरा सिस्टरांनी सुगंधेला बाळंत केलं. मथुराबाईंनी सुनेचा हात एकदाही सोडला नाही.  सुगंधा ओरडत होती तेव्हा त्या दात आवळून दाराबाहेर दिसणाऱ्या साहेबांच्या बुटांकडे बघत होत्या.

मुलगी झाली. पहिला ट्यांहा असा निघाला की बाहेर उभ्या पाहुण्यांच्या हातातला नारळ सुटला आणि उंबऱ्यावर पडून फुटला. बरोबर दोन भकलं. पाहुणे तसेच गाडीत बसले आणि गेले. यंत्राचं उद्घाटन झालं की नाही यावर पुढे पालिकेत बराच वाद झाला म्हणतात.

दुपारी पाळी बदलायची वेळ झाली. सरूबाई आली. मथुराबाईंनी खाटेगणिक ओव्हर दिली, सगळ्यांत शेवटी सुगंधेची. हिला गरम पेज दे, हिच्याशी बोलत राहा, ही आता भीत नाही पण दमली आहे. सरूबाईने मान डोलावली. मथुराबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि आत थांबल्या.

"काय राहिलं?" सरूबाईने विचारलं.

"साहेबांची."

एक आयाबाई निरोप घेऊन गेली. साहेब येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आले. उंबऱ्याबाहेर घुटमळले, फुटलेल्या नारळाचं पाणी अजून तिथे ओलं होतं, ते चुकवून आत आले. सकाळची पाळी, दुपारची पाळी, सगळ्या जणी खाटांच्या मधून उभ्या होत्या. कोणी बसा म्हटलं नाही.

"द्या ओव्हर," मथुराबाई म्हणाल्या.

साहेबांना पहिल्यांदा जमेना. ते भाषण करायला लागले, सेवा, सुधारणा, नागरिक. मथुराबाईंनी बोटाने पहिली खाट दाखवली. खाटेगणिक द्यायची असते. मग ते पहिल्या खाटेपाशी गेले आणि तिच्यावरच्या बाईला म्हणाले, तुम्हाला कोणी काढणार नाही, टाके सुकेपर्यंत तुम्ही इथेच. पुढच्या खाटेपाशी आयाबायांकडे वळून म्हणाले, जोगेश्वरीला पाणी येईपर्यंत वॉर्ड इथेच राहील, यंत्र पॅसेजमध्ये थांबेल, हे मी वर कळवतो, ते ऐकतील की नाही माहीत नाही. पुढच्या खाटेपाशी म्हणाले, पाणी आल्यावर तुम्हाला सगळ्यांना एकत्र तिकडे नेतील की वाटून टाकतील, माहीत नाही. मी एकत्र न्या म्हणून सांगेन. ज्यांची नावं इथे आहेत त्यांच्या घरी निरोप कोण नेणार, याचा मी विचारच केला नव्हता. प्रत्येक खाटेला त्यांचा आवाज बारीक होत गेला, पण शब्द सरळ होत गेले. माहीत नाही, माहीत नाही, हे माहीत आहे, ते माहीत नाही. शेवटच्या खाटेपाशी पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

उत्तरा सिस्टरांनी सांगितलं की दर शनिवारी पाळी बदलताना साहेबांनी यायचं, आणि नवीन काही नसेल तर नवीन काही नाही म्हणून सांगायचं. साहेब बरं म्हणाले.

"आणि सुताराच्या आधी," मथुराबाई म्हणाल्या. "जे काय असेल ते. सुताराच्या आधी आम्हाला."

त्यांचा राग गेला होता असं समजू नका. राग असा एका ओव्हरने जात नाही. सुगंधा रिक्षेत बसून कुलूपबंद इमारतीकडे निघाली होती, हे त्यांना जन्मभर आठवणार होतं. साहेब मात्र आपण सुटलो असं समजून हलके झाले. सुगंधेच्या कुशीतल्या गाठोड्याकडे वाकले आणि जरा हसून विचारलं, नाव काय ठेवणार?

मथुराबाईंनी पदर सारखा केला.

"योग्य वेळी कळवण्यात येईल," त्या म्हणाल्या आणि उंबरा ओलांडला.

फाटकाशी मात्र त्या थांबल्या. चंद्रप्रकाश निखळलेल्या बिजागरीशी झटत होता, त्यांना बघून ताठ उभा राहिला. मथुराबाईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि सावकाश ओव्हर दिली. बाळंतिणीची रिक्षा आली की कोणाला न विचारता फाटक उघडायचं. आत कोणाला हाक मारायची. जोगेश्वरीला पाणी नाही, तिकडे कोणाला पाठवायचं नाही. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं आणि आत धावत येऊन विचारायचं. सगळ्यांत शेवटी, जाता जाता, नातीचं नावही त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते शहाळेवाल्याला ठाऊक होतं, न्हाव्याला ठाऊक होतं, बटाटे सोलणाऱ्याला ठाऊक होतं. दशरथ तर पाळण्याच्या दांड्यावर ते कोरायलाच बसला होता. बारशाच्या आदल्या दिवशी साहेब पॅसेजमधून जाताना त्याच्यापाशी थांबले.

साहेबांना ते शेवटी सुताराकडूनच कळलं.